वीस तास

अमेरिकेत आल्यावर स्वतःचा नवा फोन नंबर पाठ व्हायच्या आधी मला एक आकडा पाठ झाला. वीस. २०१३ चा ऑगस्ट होता. परदेशी विद्यार्थ्यांच्या ओरिएंटेशनमध्ये एक बाई अगदी प्रेमळ आवाजात धाक घालत होत्या. सेमिस्टर चालू असताना कॅम्पसवर काम करायचं ते आठवड्याला २० तास. २१ नाही. साडेवीससुद्धा नाही. एफ-१ व्हिसाचा तो नियमच आहे. माझ्या शेजारच्या मुलाने वहीत २० लिहून भोवती चौकट काढली. त्याचं बघून मीही काढली.

त्या विसातले दहा तास संख्याशास्त्र विभागात पेपर तपासण्यात जायचे. उरलेल्या दहांसाठी मी नोटीस बोर्ड धुंडाळत होते, तेव्हा एक कागद दिसला. पहिल्या वर्षाचं संख्याशास्त्र शिकवणारा ट्यूटर हवा, तासाला ११ डॉलर, अर्ज ॲथलेटिक्स डिपार्टमेंटकडे. खेळाच्या विभागाला संख्याशास्त्र कशाला लागतं, असं मनात आलं खरं, पण अकरा डॉलरपुढे तो प्रश्न टिकला नाही. माझ्या डोळ्यांसमोर होता तो आपला जिमखाना. एक खोली, गंजलेली डंबेल्स, किल्ली हरवलेलं कपाट आणि गळ्यात शिट्टी अडकवलेले सर.

प्रत्यक्षात स्टेडियमला चिकटून एक तीन मजली काचेची इमारत होती. तीत फक्त खेळाडूंचा अभ्यास व्हायचा. दुसऱ्या इमारतीत त्यांचे डॉक्टर, तिसरीत वजनं, चौथीत जेवण. त्यांचा आहारतज्ज्ञ वेगळा, मानसोपचारतज्ज्ञ वेगळा, नियम सांभाळणारे वकील वेगळे, सामने प्रक्षेपित करणारा स्टुडिओ वेगळा. विद्यापीठाच्या पोटात आणखी एक विद्यापीठ होतं म्हणा ना. नाव सांगत नाही. सांगून फार फरकही पडणार नाही, कारण पहिल्या श्रेणीत, म्हणजे डिव्हिजन वनमध्ये, खेळणाऱ्या मोठ्या विद्यापीठांची ठेवण साधारण अशीच असते. मिशिगन विद्यापीठाच्या स्टेडियममध्ये १,०७,६०१ माणसं बसतात. अख्खं एक शहर शनिवारी दुपारी विद्यार्थ्यांचा खेळ बघायला येऊन बसतं, आणि हे तिथल्या कुणालाही विचित्र वाटत नाही. मला पुढची दोन वर्षं वाटत राहिलं. मग वाटेनासं झालं.

माझी जागा दुसऱ्या मजल्यावरच्या लांब दालनात, खिडकीजवळच्या टेबलाशी. मुलं दारात कार्ड घासून आत यायची आणि घड्याळ सुरू व्हायचं. पहिल्या वर्षाच्या मुलांना आठवड्याला आठ तास इथे बसणं सक्तीचं होतं. वर्गात हजर आहेत की नाहीत हे बघायला वेगळी माणसं नेमलेली. ती वर्गाच्या दारातून डोकावायची, यादीवर खूण करायची, निघून जायची. एखाद्याची दांडी सापडली की दुसऱ्या दिवशी पहाटे अख्खा संघ स्टेडियमच्या पायऱ्या चढायचा. एकाने वर्ग बुडवायचा आणि साठ जणांनी धाप टाकायची, हे गणित मला कधीच पटलं नाही. पण वर्ग भरायचे, हेही खरं.

कोण कुठल्या खेळातलं हे मी आठवडाभरात वासावरून आणि बर्फावरून ओळखायला लागले. जलतरणवाल्यांच्या केसांना क्लोरिनचा वास. कुस्तीवाल्यांचे कान फुगलेले, आणि वजन मोजायच्या आदल्या दिवशी तोंडात पाण्याचा थेंब नाही, नुसते थुंकत राहायचे. बेसबॉलचे पिचर, म्हणजे चेंडू फेकणारे, खांद्यावर बर्फाची पिशवी ठेवून वरून स्वयंपाकघरातलं पातळ प्लास्टिक गुंडाळून यायचे. बर्फ वितळला की पाणी कोपरावरून ओघळत वहीवर. एकदा एका पोराचा नॉर्मल डिस्ट्रिब्यूशनचा घंटेसारखा वक्र माझ्यासमोर असा भिजला की त्याला दोन उंचवटे आले. तो म्हणाला, "बघा, माझा डेटा वेगळा आहे." तो पोरगा हुशार होता. म्हणजे संख्याशास्त्रात नव्हता, तसा हुशार होता.

आम्हा ट्यूटरांना एक नियम पहिल्याच दिवशी सांगितला होता. पेन हातात घ्यायचं नाही. समजावा, विचारा, फळ्यावर वेगळं उदाहरण सोडवून दाखवा, पण त्यांच्या कागदाला तुमचं पेन लागता कामा नये आणि त्यांच्या कीबोर्डला बोट. मला आधी हे सोवळं वाटलं. मग २०१४ च्या ऑक्टोबरमध्ये नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठाच्या चॅपल हिल कॅम्पसवरचा चौकशी अहवाल बाहेर आला आणि दुसऱ्याच आठवड्यात आम्हा सगळ्यांना पुन्हा प्रशिक्षणाला बसवलं. तिथे १८ वर्षं एका विभागात असे कोर्स चालले होते, ज्यांत वर्ग भरत नव्हते, प्राध्यापक भेटत नव्हते, शेवटी एक निबंध दिला की उत्तम गुण मिळत होते. लाभ घेतलेले विद्यार्थी ३,१०० हून जास्त, त्यांतले जवळजवळ निम्मे खेळाडू. महाविद्यालयीन खेळांचं नियंत्रण करणाऱ्या एनसीएएने बराच काळ चौकशी केली आणि २०१७ साली विद्यापीठाला या कोर्सेसबद्दल शिक्षा करता येत नाही असं जाहीर केलं. कारण काय, तर हे कोर्स फक्त खेळाडूंसाठी नव्हते. बाकीच्या विद्यार्थ्यांनाही तेवढेच खुले होते! नियमाच्या कचाट्यातून सुटायचं तर फसवणूकसुद्धा समान संधीच्या तत्त्वावर करावी, हा धडा मला कुठल्याही पुस्तकात मिळाला नसता.

होडीवाली मला पहिल्याच महिन्यात भेटली. मनातल्या मनात मी तिला हेच म्हणायचे. सहा फूट उंच, लांब हात, चालताना दाराच्या चौकटीला जरा वाकायची सवय. तिला सांगितलं असतं की वर्षभरापूर्वी तू होडीत बसलेली नव्हतीस, तर ती म्हणाली असती, वर्षभर कशाला, सहा आठवड्यांपूर्वीसुद्धा नव्हते. प्रवेशाच्या आठवड्यात ती रांगेत उभी होती आणि रोइंगच्या असिस्टंट कोचने तिला उंचीवरून हेरलं. पोहता येतं का? येतं. पहाटे उठता येतं का? माहीत नाही. चल मग. अशा मुलींना वॉक-ऑन म्हणतात. स्कॉलरशिप नाही, पण संघात जागा आहे.

फुटबॉलचा, म्हणजे इथल्या अमेरिकन फुटबॉलचा, पोरगा आठवीपासून हेरलेला असतो, त्याच्या घरी कोच जेवायला जातात. आणि इथे ही मुलगी रांगेतून उचललेली. हे कसं, याचं उत्तर होडीत नव्हतं, १९७२ च्या एका कायद्यात होतं. टायटल नाईन. मूळ वाक्य इंग्रजीत ३७ शब्दांचं आहे आणि त्यात खेळाचा उल्लेखच नाही. सरकारी मदत घेणाऱ्या कुठल्याही शिक्षण कार्यक्रमात लिंगावरून भेदभाव करता येणार नाही, एवढंच आहे. पुढे त्याचा अर्थ लावताना एक कसोटी अशी ठरली की विद्यार्थ्यांमध्ये जेवढ्या टक्के मुली तेवढ्या प्रमाणात खेळांतही असाव्यात. आता अडचण फुटबॉलची. एकट्या फुटबॉलला तेव्हा ८५ स्कॉलरशिप होत्या, संघ शंभराच्या वर, आणि मुलींचा त्याच्या तोडीचा दुसरा खेळ नाही. तागडी बरोबर करायला दुसऱ्या पारड्यात एकदम पुष्कळ मुली टाकायला हव्या होत्या. रोइंगमध्ये एकेका होडीत आठ वल्हवणाऱ्या आणि एक सुकाणूवाली, अशा अनेक होड्या. साठ-सत्तर मुलींचा संघ सहज होतो. १९९७ पासून एनसीएएने महिलांच्या रोइंगला राष्ट्रीय अजिंक्यपदही दिलं. ज्या राज्यांत नीट नदी नाही तिथेही धरणांच्या काठी बोटहाउस उभी राहिली.

मी संख्याशास्त्राची विद्यार्थिनी. मोजणीत कुठे कसं पाणी मुरतं ते बघणं हा माझा धंदा. या खात्यात तर मला पर्वणीच होती. लांब अंतर धावणारी एकच मुलगी हिवाळ्याआधी क्रॉस कंट्री, हिवाळ्यात बंदिस्त ट्रॅक आणि उन्हाळ्याच्या तोंडाला मैदानी ट्रॅक धावते, म्हणून कागदावर तीन खेळाडू होते. काही विद्यापीठांत महिला बास्केटबॉल संघाला सराव द्यायला येणारे पुरुष महिला खेळाडूंच्या आकड्यात धरले जात होते, आणि केंद्रीय शिक्षण खात्याच्या मोजणीच्या नियमात ते बसतही होतं. मी हे होडीवालीला सांगितलं तेव्हा ती बराच वेळ हसली. मग म्हणाली, "म्हणजे मी आकडा म्हणून आत आले." मी काही बोलले नाही. थोड्या वेळाने तीच म्हणाली, "बरं झालं आले." आणि तळहात पालथे-उलथे करून दाखवले. बोटांच्या मुळाशी घट्टे, त्यांवर चिकटपट्ट्या, एका पट्टीखाली ओलं. तिला ते मिरवायचं होतं.

या सगळ्याची सुरुवात वल्हवण्यापासूनच झाली, हे मला तिनेच सांगितलं. १८५२ च्या ऑगस्टमध्ये न्यू हॅम्पशायरमधल्या विनिपिसॉकी सरोवरावर हार्वर्ड आणि येलची मुलं होड्यांच्या शर्यतीत उतरली, ती अमेरिकेतली पहिली आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा. पण ती भरवली कुणी? रेल्वे कंपनीने. नव्या मार्गावर प्रवासी यावेत म्हणून एका रेल्वे अधिकाऱ्याने दोन्ही संघांचा जायचा-यायचा आणि राहायचा खर्च उचलला. बक्षीस म्हणून चांदी मढवलेली वल्ही होती, ती द्यायला फ्रँकलिन पीअर्स आले होते, पुढे राष्ट्राध्यक्ष झाले तेच. हार्वर्डची होडी जिंकली. तेव्हा 'पूर्वी खेळ निर्मळ होता, पैसा नंतर शिरला' असं कुणी म्हणालं की मला ती आगगाडी आठवते. पैसा नंतर आलेला नाही. तिकीट काढून तोच आधी येऊन बसला होता.

गंमत अशी की पुरुषांचं रोइंग, जिथून हे सारं सुरू झालं, ते आजही एनसीएएच्या खेळांत नाही. त्यांची राष्ट्रीय शर्यत १८९५ पासून वेगळीच चालते. आणि खुद्द एनसीएए जन्मली ती फुटबॉलमधल्या मृत्यूंमुळे. १९०५ च्या हंगामात मैदानावर इतकी मुलं मेली की राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी हार्वर्ड, येल आणि प्रिन्स्टनच्या मंडळींना व्हाइट हाउसमध्ये बोलावून घेतलं. १९०६ मध्ये संघटना झाली, १९१० मध्ये तिला आजचं नाव मिळालं. मुलांचे जीव वाचवायला ती निघाली होती, एवढं लक्षात असू द्या, कारण पुढची गोष्ट एका मेलेल्या मुलाचीच आहे.

स्टडी हॉलच्या भिंतीवर, दारावर, पेल्यांवर, आमच्या ओळखपत्रांवर एक शब्द होता. स्टुडंट-ॲथलीट. मधल्या जोडरेघेसह. नुसतं 'प्लेअर' म्हटलं तर आमच्या वरिष्ठ बाई दुरुस्त करायच्या. मला तो शब्द छानच वाटायचा. विद्यार्थी आधी, खेळाडू नंतर. मग कधीतरी त्या जोडरेघेचा इतिहास वाचला. १९५५ मध्ये कोलोराडोतल्या फोर्ट लुईस ए अँड एम कॉलेजचा रे डेनिसन नावाचा खेळाडू फुटबॉल खेळताना डोक्याला मार लागून गेला. त्याच्या पत्नीने कामगार नुकसानभरपाई मागितली, कामावर असताना माणूस गेला की कुटुंबाला मिळते तशी. कॉलेजचं म्हणणं, तो कामगार नव्हता. १९५७ मध्ये कोलोराडोच्या सर्वोच्च न्यायालयाने कॉलेजची बाजू उचलून धरली. कॉलेज काही फुटबॉलच्या धंद्यात नाही, असा निकालाचा सूर. त्याच काळात खेळाच्या स्कॉलरशिपा अधिकृत झाल्या होत्या, आणि असे दावे वाढले तर काय, या धास्तीने एनसीएएने 'स्टुडंट-ॲथलीट' हा शब्द घडवला आणि सगळ्यांच्या तोंडी बसवला. हे कुणा टीकाकाराचं म्हणणं नाही. संस्थेचे पहिले कार्यकारी संचालक वॉल्टर बायर्स यांनी निवृत्तीनंतर स्वतःच हे लिहून ठेवलं.

त्यानंतर मी ओळखपत्र गळ्यात घालताना ती जोडरेघ बघायला लागले.

कामगार नाही म्हटल्यावर कामाचे तास मोजायचा प्रश्न उरत नाही. पण तास मोजले जात होते, आणि इथेच मी चकित झाले, कारण तो आकडा माझाच होता. १९९१ पासून नियम आहे: हंगामात खेळाडूकडून खेळासाठी आठवड्याला २० तासांपेक्षा जास्त वेळ घ्यायचा नाही. दिवसाला चारपेक्षा जास्त नाही, आठवड्यातून एक दिवस सुट्टी. वीस! माझ्यासारखेच वीस. मला वाटलं, चला, आपण एकाच नावेत.

नावेत बसल्यावर भोकं दिसली. दोन तासांचा सराव दोनच तास मोजायचा, त्याआधी बसने बोटहाउसला जाणं मोजायचं नाही. दुखरा खांदा शेकणं, घोट्याला पट्ट्या बांधणं मोजायचं नाही, ते उपचार. कोच नसताना केलेला 'ऐच्छिक' व्यायाम मोजायचा नाही. ऐच्छिक व्यायामाला कोण आलं नव्हतं हे मात्र कोचला कसं कोण जाणे कळलेलं असायचं. आमच्या स्टडी हॉलचे सक्तीचे तास मोजायचे नाहीत, तो अभ्यास. प्रवास मोजायचा नाही. आणि स्पर्धेचा दिवस? पहाटे पाचला सुरू होऊन रात्री संपला तरी तो तीन तास धरायचा. पूर्ण दिवसाचे तीन तास. तेव्हाच्या नियमात तर परतीच्या प्रवासाचा दिवस त्या आठवड्याची सुट्टी म्हणून धरता यायचा. बसमध्ये आठ तास बसलात? झाली की विश्रांती.

माझ्या पहिल्या वर्षी, २०१४ च्या जानेवारीत, शिकागोजवळच्या नॉर्थवेस्टर्न विद्यापीठाच्या फुटबॉल खेळाडूंनी युनियन करायला परवानगी मागितली. मार्चमध्ये राष्ट्रीय कामगार मंडळाच्या प्रादेशिक अधिकाऱ्याने सगळे तास नीट मांडले आणि निकाल दिला की हंगामात ही मुलं आठवड्याला ४० ते ५० तास खेळाला देतात, ती कर्मचारी आहेत. त्या दिवशी आमच्या दालनात भलतीच शांतता होती. सगळ्यांच्या फोनवर ती बातमी, आणि कुणी तिच्यावर बोलत नव्हतं. फक्त तो पिचर, दोन उंचवटेवाला, बर्फ सावरत माझ्याकडे वाकून म्हणाला, "पन्नास भागिले वीस म्हणजे?" मी म्हटलं, "अडीच." तो म्हणाला, "हे मला जमतं."

एप्रिलमध्ये त्या संघाने मतदान केलं. मतपेट्या मोहरबंद झाल्या. पुढच्या वर्षीच्या ऑगस्टमध्ये मुख्य मंडळाने या प्रकरणात पडायचंच नाही असं ठरवलं, आणि ती मतं कधी मोजलीच गेली नाहीत. मोजणीच्या या अजब देशात तेवढंच मोजायचं राहिलं.

पिचर पोराचं सांगायचं तर तो स्कॉलरशिपवर होता, म्हणजे एक तुकडा स्कॉलरशिपवर. बेसबॉलला तेव्हा अख्ख्या संघासाठी ११.७ स्कॉलरशिपा होत्या. पॉइंट सात! पस्तीसेक पोरांच्या संघात त्या वाटायच्या. त्याच्या वाट्याला फीच्या चौथ्या भागाइतकी आली होती, तीही एका वर्षाची, वर्षाअखेर पुन्हा ठरणारी. तो ती टक्केवारी स्वतःच्या जर्सीच्या नंबरासारखी सांगायचा. मी त्याला अपूर्णांक त्यावरच शिकवले.

मी हे असं लिहितेय म्हणून कुणाला वाटेल, मला तो सगळा कारखाना नकोसा होता. तसं नव्हतं. या देशात खेळांचं मंत्रालय नाही. ऑलिंपिकला जाणाऱ्या अमेरिकन संघातले निम्म्याहून जास्त खेळाडू या विद्यापीठांतून तयार होऊन येतात, आणि दुसऱ्या देशांतलेही कितीतरी. आपला तेजस्विन शंकर कॅन्सस स्टेट विद्यापीठातून उंच उडी मारायचा, २०१८ आणि २०२२ ला एनसीएएचा विजेता झाला आणि त्याच २०२२ साली बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत पदक घेऊन आला. फुटबॉल आणि पुरुषांचं बास्केटबॉल पैसा आणतात, बाकीचे पंधरा-वीस खेळ त्यावर आणि विद्यापीठाच्या अनुदानावर, विद्यार्थ्यांच्या फीवर जगतात. भालाफेक बघायला कोण तिकीट काढतं? पण त्या कमाईतून भालाफेकीलाही कोच असतो, डॉक्टर असतो. आणि माझे अकरा डॉलरही कुठल्यातरी शनिवारच्या टचडाउनमधून येत होते, ते मी मुकाट घेत होतेच.

पुढे सगळं फार भराभर बदललं. २०२१ च्या जूनमध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ऑल्स्टन खटल्यात, म्हणजे खेळाडूंना मिळणाऱ्या शैक्षणिक लाभांवरच्या मर्यादांच्या खटल्यात, नऊ विरुद्ध शून्य असा एनसीएएच्या विरोधात निकाल दिला. त्याच जुलैपासून खेळाडूंना स्वतःच्या नावाच्या जाहिराती करून पैसे घ्यायची मुभा मिळाली. परदेशी खेळाडूंची मात्र पंचाईत झाली, कारण त्यांचा व्हिसाही एफ-१, आणि तो अशा कमाईला हात लावू देत नाही. ६ जून २०२५ ला हाउस खटल्याच्या तडजोडीवर न्यायाधीशांची सही झाली. ग्रँट हाउस हा जलतरणपटू, त्याच्या नावाने खटला. जुन्या खेळाडूंना दहा वर्षांत मिळून २८० कोटी डॉलर द्यायचे, आणि इथून पुढे एकेका विद्यापीठाने पहिल्या वर्षी २ कोटी ५ लाख डॉलरपर्यंत थेट खेळाडूंना वाटायला हरकत नाही. स्कॉलरशिपांच्या मर्यादा गेल्या. बेसबॉलच्या पॉइंट सातचीही सुट्टी झाली. त्यांच्या जागी संघात किती जण असावेत याची मर्यादा आली. फुटबॉलला १०५. महिला रोइंगला ६८.

६८ चा आकडा वाचला आणि मी थबकले. मर्यादा आली की कोच रांगेत उभ्या मुलीला कशाला उचलेल? जागा मोजून आहेत, त्या आधीपासून वल्हवणाऱ्यांना जाणार. पैशाचा न्याय झाला तो योग्यच झाला, माझं दुमत नाही. पण ज्या ढिसाळ हिशोबामुळे एक दार उघडं राहिलं होतं, तो हिशोब नीट झाल्यावर ते दार थोडं लोटलं गेलं. होडीवालीला हा मजकूर पाठवला. ती आता एका लहान शाळेत विज्ञान शिकवते. तिचं उत्तर आलं: "मी सत्तरावी होते."

तिची शेवटची आठवण २०१५ च्या एप्रिलमधली. सोमवारची रात्र होती, दालन बंद व्हायला वीसेक मिनिटं. ती आली ती नेहमीसारखी दाराशी वाकून, हातात गृहपाठ नव्हता. एक फॉर्म होता. गेल्या आठवड्यात खेळासाठी किती तास दिले ते लिहून खेळाडूने सही करायची, नियम सांभाळणाऱ्या ऑफिसकडे द्यायचा. आकडे आधीच छापून आले होते. सोमवार ते गुरुवार सराव, रोज अडीच तास, दहा. वजनं दोनदा दीड-दीड, तीन. बैठक एक. शुक्रवारी शर्यतीच्या जागी सराव, दोन. शनिवारी शर्यत, तीन. रविवार, सुट्टी. एकूण १९.

"बेरीज बरोबर आहे ना?" तिने विचारलं.

"बेरीज बरोबर आहे."

मग तिने खिशातून वहीचं चौकोनी पान काढलं. त्यावर तिने स्वतः तोच आठवडा मांडला होता, अगदी मी शिकवलं होतं तसा, प्रत्येक निरीक्षणाला एक ओळ. सराव: पहाटे ४:५० ला खोलीतून बाहेर, ८:३० ला परत, चार दिवस. वजनं आणि नंतर पाठीवर उपचार: सव्वादोन तास, दोनदा. बैठक: एक तास. शुक्रवारी दुपारी १२ ला बस, रात्री ९ ला हॉटेल. शनिवार पहाटे ५ ते संध्याकाळी ७. रविवार सकाळी ८ ते दुपारी ४, बस. खाली दोन रेघा मारून उत्तर: ५१ तास १० मिनिटं. 'बस' या शब्दापुढे कंसात बारीक अक्षरात लिहिलं होतं, 'सुट्टी'.

मी ते पान दोनदा तपासलं. चूक नव्हती. दीडेक वर्षापूर्वी ही मुलगी मिनिटांची बेरीज शंभरच्या पटीत करायची.

माझ्यासमोरही कागद होता. माझी टाइमशीट. गेल्या आठवड्यात फुटबॉलच्या दोन मुलांची चाचणी होती म्हणून दोन संध्याकाळी मी उशिरापर्यंत बसले होते. दोन्ही नोकऱ्यांचे मिळून साडेएकवीस तास झाले होते. वरिष्ठ बाई सकाळीच सांगून गेल्या होत्या, वीस लिही, तुझ्याच भल्यासाठी. तसा त्या दीड तासाचा माझा काही हट्टही नव्हता. मी फक्त वीसचा शून्य अजून लिहिला नव्हता.

तिने वाकून माझा कागद वाचला. मग स्वतःचा. मग पुन्हा माझा.

"माझा एक तास शिल्लक आहे," ती म्हणाली. "तुला देऊ?"

"तरी अर्धा उरतोच."

"तो रविवारी घाल. सुट्टीत."

तिने माझंच पेन घेतलं, नियमात फक्त मी तिच्या कागदावर लिहायला मनाई होती. आपल्या फॉर्मवर सही केली आणि पेन माझ्या हातात दिलं. पेन दिलं तेव्हा त्याला तिच्या चिकटपट्टीचा डिंक लागला होता. मी शून्य काढला. पहाटे चार पन्नासला उठायचं म्हणून ती पळाली, आणि मी दिवे घालवायच्या आधी ते चौकोनी पान टेबलावरच राहिलेलं दिसलं.

घडी घालून मी ते व्हिसाच्या कागदांच्या फाइलमध्ये ठेवलं. अजून तिथेच आहे.